गोगलगाईची बखर



इतिहास म्हटला की आपल्याला दप्तर आठवते. रुमालात बांधलेले कागद, कसर लागलेल्या वह्या, एखाद्या वाड्याच्या माळ्यावरचा पेटारा. ह्या मुलखाला तर असे वाटण्याचा विशेषच अधिकार आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड 1898 साली काढला, त्यातली पानिपतच्या काळची पत्रे त्यांना इथे खाली, घाटाच्या पायथ्याशी, वाईलाच मिळाली होती. ती पत्रे तिथे शंभर-सव्वाशे वर्षे पडूनच होती. कागद होते, त्यांना विचारणारा नव्हता, एवढेच.

आज मी ज्या दप्तराविषयी बोलणार आहे, त्यालाही विचारणारे थोडे आहेत. हे दप्तर कागदाचे नाही, चुन्याचे आहे. ते लिहिणारा कारकून आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, पण त्याला कोणी मान देत नाही. आपण त्याचे नाव घेतो ते एखाद्या मंद माणसाला हिणवण्यासाठी, किंवा ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणून एखाद्या साळसूदाची पोल उघडी करण्यासाठी. पाऊस केव्हा किती पडत होता, रान कुठवर होते आणि कधी तुटले, ह्या प्रश्नांची उत्तरे जगात अनेक ठिकाणी ह्या गोगलगाईच्या रिकाम्या शंखांवरून मिळालेली आहेत. ती आपल्याकडे कितपत मिळतील आणि पाचगणीचा त्यात काय संबंध, हा आजचा विषय.

प्रथम साक्षीदाराची पारख करू. कोर्टात साक्षीदार चांगला केव्हा म्हणतात? तो घटनास्थळी हजर असावा, तिथून सहसा हललेला नसावा, आणि घडलेल्या गोष्टीचा त्याच्यावर काही परिणाम झालेला असावा. गोगलगाय ह्या तिन्ही कसोट्यांना उतरते. पक्षी दुष्काळ पडला तर उडून जातो, हरिण दुसऱ्या खोऱ्यात उतरते. गोगलगाईला ते शक्य नाही. तिचे अंग ओलसर राहिले तरच ती चालू शकते, आणि ज्या दगडाच्या आडोशाला जन्मली त्याच्या आसपासच तिचे आयुष्य जाते. त्यामुळे हवा बदलली की ती जागा सोडत नाही, तिथेच नाहीशी होते. आणि तिच्या जागी कोरडे सोसणारी दुसरी जात हळूहळू येते. मागे राहतो तो शंख. त्यावरून जात ओळखता येते.

कोरडे सोसण्याची ताकद मात्र जातीजातीत फार वेगळी. 1846 साली ईजिप्तच्या वाळवंटातून आणलेला एक शंख लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून ठेवला होता. तो रिकामाच आहे असे सर्वांनी धरले होते. 1850 च्या मार्चमध्ये पुठ्ठ्यावर लाळेसारखे काही दिसले म्हणून कोणी तरी तो कोमट पाण्यात टाकला, तर आतून गोगलगाय बाहेर आली आणि चालू लागली! चार वर्षे तोंडावर पडदा ओढून ती स्वस्थ बसलेली होती. ह्याच्या उलट टोकाला दमट रानातल्या काही जाती आहेत. त्यांच्या शंखाला पायाशी जोडलेले एक झाकण असते, ते त्या घट्ट मिटून घेऊ शकतात. पण त्यांच्या श्वासोच्छ्वासाची रचनाच अशी की हवेतला ओलावा बराच काळ कमी राहिला तर त्यांचा निभाव लागत नाही. एकाच थरात कोणत्या जातीचे किती शंख आहेत हे मोजले की त्या काळच्या जमिनीचा ओलावा अंदाजता येतो. युक्ती एवढीच आहे. पण ती चालण्यासाठी आज कोणती जात किती ओलाव्यात राहते हे आधी ठाऊक असले पाहिजे, आणि इथेच पाचगणीचे महत्त्व येते.

महाबळेश्वराहून निघालेली एस. टी. पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला जाते. हे सारे अंतर तीस-बत्तीस किलोमीटरांचे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. वाईला पोचेपर्यंत तो आठव्या हिश्श्यावर आलेला असतो. आणखी पूर्वेला माण-खटावकडे गेलात तर त्याहूनही कमी. पुण्याहून सरळ दक्षिणेला शेकडो मैल चाललात तरी इतका फरक दिसणार नाही. तो इथे एका सकाळच्या प्रवासात दिसतो. वर जांभूळ, अंजनी, गेळा ह्यांचे दाट ठेंगणे रान, त्याखाली वर्षभर कुजणारा ओला पाचोळा. खाली बाभळी, काळी माती आणि भेगा. ह्या उतारावरच्या गोगलगायीही तशाच बदलत जातात. दाट रानात पातळ, तपकिरी, काचेसारख्या चकचकीत शंखांच्या. उघड्या माळावर जाड, पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या शंखांच्या. सह्याद्रीत अरिओफँटा नावाच्या कुळातल्या गोगलगायी आहेत, त्यांतल्या कित्येकांचा शंख डाव्या अंगाने वळलेला असतो. हातात घेतला की लगेच ध्यानात येते, कारण बहुतेक शंखांचा वळसा उजवा असतो. आणि कोरड्या मुलखात झूटेकस इन्सुलॅरिस नावाची एक बारीक, पांढरी, लांबट जात आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील बेटांपासून अरबस्तानातून थेट ब्रह्मदेशापर्यंत ती पसरलेली आहे. ती अंडी बाहेर टाकत नाही, पिले पोटातच वाढवते. कोरड्या जमिनीत अंडे सुकण्याचा धोका टाळण्याची ही तजवीज असावी.

म्हणजे महाबळेश्वर ते माण हा एक जिवंत कोश आहे. ‘अमुक जात म्हणजे अमुक इतका ओलावा’ असे त्यातून वाचता येते. वाईला विश्वकोशाचे काम चालते हे आपण अभिमानाने सांगतो. हा दुसरा कोश त्याच्या डोक्यावरच उभा आहे.

आता एक अडचण सांगतो. आपण म्हणाल, ठीक आहे, टेबललँडवर खणू या आणि जुने शंख काढू या. तिथे काही मिळणार नाही. ते पठार जांभ्याचे आहे. सह्याद्रीचा काळा दगड मुळात चुना बाळगणारा. पण लाखो वर्षे मुसळधार पाऊस आणि उष्मा सोसून त्यातला चुना धुऊन गेला, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले, तो जांभा. त्यावरची माती आंबट असते, आणि चुन्याचा शंख आंबट मातीत काही वर्षांतच विरघळतो. तो धुऊन गेलेला चुना जातो कुठे? बराचसा नद्यांतून समुद्राला मिळतो. पण खालच्या कोरड्या मुलखातही काळ्या दगडातून चुना सुटतच असतो, आणि तिथे पाऊस कमी व ऊन फार, म्हणून तो धुऊन न जाता जमिनीतच चुनखडीचे खडे होऊन साठतो. अशा गाळात पुरलेला शंख हजारो वर्षे जसाच्या तसा टिकतो. थोडक्यात, जिथे गोगलगायी उदंड तिथे त्यांचे शंख टिकत नाहीत, आणि जिथे शंख टिकतात तिथे गोगलगायी मोजक्या. कोश डोंगरावर, दप्तर खोऱ्यात! महाबळेश्वरात जुने शंख मिळाले नाहीत म्हणून तिथे पूर्वी गोगलगायी नव्हत्या असे कोणी म्हणू लागला, तर तो शिवकाळातील कागद थोडे मिळतात म्हणून त्या काळी लोक लिहीतच नव्हते असे म्हणण्यासारखे होईल.

जांभा हाही एक दस्तऐवजच आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ह्या उंच सड्यांवरचा जांभा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, आजच्याहून उष्ण आणि दमट हवेचे अवशेष आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. 2008 साली क्लिफर्ड ऑलियर आणि हेतु शेठ ह्यांनी असे प्रतिपादन केले की हे सडे मुळात उंचवटे नव्हतेच, ते दऱ्यांचे तळ होते. तळात साठलेल्या लोहाने जमीन कठीण झाली. आजूबाजूचा मऊ डोंगर झिजून गेला. आणि तळ माथ्यावर राहिला. हे मत सर्वांना मान्य आहे असे नाही. पण टेबललँडवर घोड्यावर बसून फेरी मारताना आपण कदाचित एका जुन्या दरीच्या तळातून हिंडत आहो, हा विचार गमतीचा खरा.

आता शंखांकडे. महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रसिद्ध जीवाश्म शंखाचे नाव फायसा प्रिन्सेपी. नाव ऐकताच ब्राह्मी लिपी उलगडणारा जेम्स प्रिन्सेप आठवल्यावाचून राहत नाही. माल्कम्सन ह्या लष्करी डॉक्टरने 1830 नंतरच्या दशकात दख्खनच्या पूर्व भागातून असे शंख गोळा केले आणि 1840 साली सॉवर्बीने ह्या जातीचे वर्णन छापले. (पंडितांनी हल्ली तिचे कूळ बदलून नावही बदलले आहे, शंखांच्या नावांइतके अस्थिर जगात दुसरे काही नसेल.) पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर ह्यांनी नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीतून असे शंख, वनस्पती, किडे ह्यांचा मोठाच संग्रह केला. 1860 साली हिस्लॉपने ह्या शंखांवर निबंध प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, 1863 च्या सप्टेंबरात, टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून रात्री परत येताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला.

फायसा ही जमिनीवरची नव्हे, गोड्या पाण्यातली गोगलगाय. पण तिने केवढी मोठी गोष्ट सांगितली पाहा. तिच्यावरून कळले की नागपूरकडचा हा लाव्हा समुद्राच्या तळाशी पसरला नव्हता. तो जमिनीवर आला, थांबला. मधल्या काळात उथळ गोडी तळी साचली, त्यांत शेवाळ उगवले, गोगलगायी नांदल्या. मग पुन्हा लाव्हा आला. हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडले. आपल्या पायाखालच्या ह्या प्रचंड दगडी थरांच्या मध्ये अशा शांततेच्या काळांची पाने आहेत. घाटात काळ्या दगडांच्या मधून जाणारे लाल मातीचे पट्टे दिसतात, ते बहुधा अशाच विश्रांतीच्या काळाचे.

समुद्र हा शब्द निघाला म्हणून सह्याद्रीतलीच दुसरी एक साक्ष सांगतो, कारण तिच्यात मोह पडण्यासारखे काही आहे. महाबळेश्वराच्या परिसरात आणि उत्तरेकडे पावसाळी धबधब्यांच्या तुषारात भिजणाऱ्या कड्यांवर एक लहानशी झाकणाची गोगलगाय राहते. 1863 साली विल्यम ब्लॅनफर्ड ह्या भूशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि सह्याद्रीवरून तिच्या जातीचे नाव ठेवले. 1869 साली कुळाला क्रेम्नोकाँकस, म्हणजे ‘कड्यावरचा शंख’, हे नाव दिले. महाबळेश्वरातली तिची बहीण त्याआधीच लेयार्डने नोंदली होती. नवल असे की हिचे सगळे सगेसोयरे समुद्रकाठी, भरती-ओहोटीच्या खडकांवर राहणारे! मग परशुरामाची कथा ऐकून वाढलेल्या आपल्या मनात लगेच येते, समुद्र पूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याला भिडलेला होता, परशुरामाने तो मागे हटवला, आणि ही बिचारी वर अडकून पडली. नुसते आपल्याच मनात येते असे नाही. सह्याद्रीचा कडा ही जुनी समुद्राची कड आहे, असे गेल्या शतकापूर्वीचे जाणते भूशास्त्रज्ञही म्हणत होते.

पण ही साक्ष तशी वाचता येत नाही. हा कडा लाटांनी नव्हे, पश्चिम किनारा तुटल्यानंतर ओढ्यानाल्यांनी झिजवत झिजवत आत हटवला, हे आज बहुतेकांना मान्य आहे. डेव्हिड रीड, अरविंद आणि मध्यस्थ ह्यांनी 2013 साली ह्या कुळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जातींची संख्या तीनवरून नऊवर गेली. आणि नव्या सहाही जाती कर्नाटकातल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या तिघींपासून शेकडो किलोमीटर दूर. हिच्या पूर्वजांनी खाडीतून गोड्या पाण्यात आणि ओढ्यांतून हळूहळू कड्यावर अशी वाटचाल केली असावी, हेच अधिक संभवनीय. समुद्र वर आला नव्हता, गोगलगाय वर चढली. साक्षीदार खरा असला तरी त्याच्या तोंडी आपली आवडती कथा घालू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

जमिनीवरच्या शंखांनी खरा इतिहास उलगडून दाखवला तो युरोपात आणि चीनमध्ये. ऱ्हाईनच्या काठी लोएस म्हणून पिवळ्या भुसभुशीत मातीचे जाड थर आहेत. लायेलने त्यांतले शंख पाहिले, ते जमिनीवर राहणाऱ्या जातींचे होते. पुढे चीनमधल्या लोएसविषयी, ही माती पाण्याने नव्हे, वाऱ्याने आणून टाकली, असे रिश्टहोफेनने मांडले, तेव्हा हे जमिनीवरचे शंख त्याच्या आधारांपैकी एक होते. आणि 1972 साली जॉन इव्हान्स ह्याने भूचर गोगलगायी आणि पुरातत्त्व ह्यावर ग्रंथच लिहिला. दक्षिण इंग्लंडात पहिल्या शेतकऱ्यांनी रचलेले मातीचे लांबट थडग्यांचे ढीग आहेत. त्यांच्याखाली दबलेल्या जमिनीत तळाशी सावलीतल्या रानातले शंख, वर उघड्या गवताळ जमिनीतले शंख. म्हणजे थडगे रचण्यापूर्वीच रान तुटले होते. पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी पडलेल्या कुऱ्हाडीचा आवाज गोगलगाईंनी ऐकून ठेवला होता.

आपल्या नद्यांच्या गाळालाही असेच प्रश्न विचारायचे आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्यांची कवचे व त्यांचे मणी मिळाले. म्हणजे आज जिथे ऊस आणि केळी उभी आहेत त्या खानदेशात तेव्हा उघडी, कोरडी माळराने होती. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला 1968 पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. इ. स. पू. 1000 च्या सुमारास तिथली प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली, शेळ्यामेंढ्या वाढल्या. ढवळीकरांनी ह्याचे कारण पर्जन्यमान घटले हे दिले. ह्या मताविषयी वाद झाले, आणि ते होणे योग्यच. कारण माणसाचे घर लहान होण्याला पावसाखेरीज दुसरीही कारणे असू शकतात. गोगलगाईला मात्र दुसरे कारण नसते. तिच्यावर सावकाराचे कर्ज नसते की शेजारच्या गावाचा हल्ला होत नाही. अशा वादात तिची साक्ष मोलाची आहे ती एवढ्यासाठीच.

पण उलटतपासणी कसून घ्यावी लागते. पुराने शंख दूरवर वाहून येतात; तेव्हा महाबळेश्वराच्या रानातला शंख वाईच्या गाळात मिळाला तर वाईला रान होते असे नव्हे, कृष्णेला पूर आला होता एवढेच सिद्ध होते. काही जाती खोल बिळे करून जुन्या थरात शिरतात आणि तिथे मरतात. एक-दोन शंखांवरून प्रबंध लिहिणारे लोक मला म्हणूनच भीतिदायक वाटतात. शेकडो शंख, बारीक चाळणीने चाळून, तुकड्यांसकट मोजले पाहिजेत.

परकी पाहुणीही ओळखावी लागते. आज परसात, कुंपणावर, सोयाबीनच्या शेतात दिसणारी ती मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली बेन्सन नावाच्या शंखशास्त्राच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि चौरंगीच्या एका बागेत सोडली. अभ्यासकाच्या हातूनच हे व्हावे! 2022 साली लातूर, बीड, धाराशिव भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, त्याचे दुःख शेतकऱ्यांनाच ठाऊक. इतिहासकाराला तिचा एक उपयोग मात्र आहे. ज्या थरात हिचा शंख सापडेल तो थर 1847 नंतर केव्हा तरी हलवला गेलेला आहे, हे निश्चित. शिक्का मारल्यासारखी तारीख!

तिने आणखी एक नकळत उपकार केला. शंख रोज थोडाथोडा वाढतो, आणि वाढताना त्यात त्या दिवसांच्या पाण्याची खूण उतरते. पाण्यातल्या ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात; मोठ्या पावसात त्यांचे प्रमाण बदलते, आणि ते शंखाच्या त्या त्या थरात कोरले जाते. बंगळुरूचे प्रोसेनजित घोष आणि सहकारी ह्यांनी 2017 साली दाखवले की कोलकात्यातल्या ह्या गोगलगाईंच्या शंखांत अतिवृष्टीच्या खुणा वाचता येतात. म्हणजे जातीवरून नुसता हवामानाचा अंदाज बांधायचा नाही, एका शंखावरून एकेका पावसाळ्याची हकीकत काढायची. गाळातल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शंखावर हाच प्रयोग का होऊ नये?

त्यासाठी पुन्हा कोशाकडे यावे लागते. मोडी लिपीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. डोंगरावरच्या गोगलगायींचेही तसेच होऊ शकते. ज्या जातीला ओला पाचोळा आणि सावली लागते, ती उघडा रस्ता किंवा खणलेला उतार ओलांडू शकत नाही. रानाचा तुकडा तुटला की ती त्या तुकड्यात कोंडली जाते. वणवा आला की संपते. चेसनसाहेबाने पाचगणी वसवली तेव्हा परदेशी सिल्व्हर ओक लावले. ते आता इथल्या शोभेचा भाग झाले आहेत, आणि मीही त्यांच्या सावलीत आनंदाने बसतो. पण त्यांचा पाचोळा म्हणजे जांभळीच्या रानातला पाचोळा नव्हे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्या कागदामुळे इमारतींना काही आळा बसला असेल. पण पाचोळ्याखालच्या प्राण्याचा पत्ता नकाशावर नसतो. ह्या उतारावरून एखादी जात मुकाट्याने गेली, तर खालच्या गाळातला तिचा शंख टिकून राहील. फक्त तो काय म्हणतो हे ताडून पाहायला जिवंत प्रत उरणार नाही.

सभेत तरुण मुले दिसतात, म्हणून एक काम सांगून ठेवतो. मृग लागल्यावर पंधरा दिवसांनी महाबळेश्वराच्या रानापासून वाईच्या घाटापर्यंत दर काही किलोमीटरांवर एक जागा ठरवावी. देवराई असेल तर उत्तम, जुनी दगडी ताल असेल तरी चालेल. तिथे पाचोळ्यात पडलेले रिकामे शंख गोळा करावे. जिवंताला हात लावू नये. प्रत्येक जागेचे शंख वेगळ्या डबीत, डबीवर जागा, उंची आणि तारीख. परत आल्यावर हात साबणाने धुवावे, कारण गोगलगाईच्या अंगी रोगाचे जंत असू शकतात. चार पावसाळे हे काम नेमाने केले तर हाती येणाऱ्या डब्या कोणत्याही संशोधकाला दाखवण्याजोग्या असतील. आत्ता चैत्रात शोधू नका. कातळाच्या फटीत तोंड मिटून बसलेल्या गोगलगायी आणि मेलेल्यांचे शंख ह्यांतला फरक ओळखणे नवख्याला कठीण जाते, आणि लंडनच्या त्या म्यूझियमवाल्यांनाही तो ओळखता आला नव्हता.